पप्पांचा टेस्ट लॅम्प आणि माझा १६५ हर्ट्झचा मॉनिटर

"टीव्ही घेतला का बाई?"

जळगावहून भुसावळला येणारी संध्याकाळची गाडी, दिवाळीच्या आधीचा आठवडा, आणि मी दाराशेजारी एक चपटा खोका दोन गुडघ्यांत धरून उभी. समोरच्या मावशींनी विचारलं तेव्हा भादली मागे गेलं होतं. गेमिंग मॉनिटर म्हणजे काय, १६५ हर्ट्झ म्हणजे काय आणि चोवीस वर्षांच्या पोरीला तो कशाला लागतो, हे सगळं भुसावळ यायच्या आत सांगून होण्यासारखं नव्हतं. "हो, टीव्ही," म्हटलं. "लहानच घेतला," असं म्हणून त्यांनी सरकून खोक्याला जागा करून दिली.

ज्यांच्याकडे मावशींपेक्षा थोडा जास्त वेळ आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा.

मी जळगावला एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. रोजचं अपडाऊन. रात्री जेवणं आटोपली की दहा ते बारा व्हॅलोरंट, पाच विरुद्ध पाच असा गोळीबाराचा ऑनलाइन गेम. आमची पाच जणांची टीम: मी, धुळ्याचा मावसभाऊ, पुण्याला गेलेल्या कॉलेजच्या दोन मैत्रिणी, आणि नंदुरबारचा एक मुलगा, ज्याला आम्ही चौघांनी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. कॉलेजपासूनचा माझा मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८, साठ हर्ट्झ, व्हीजीएच्या निळ्या वायरीवर चालणारा. टीममधले सगळे म्हणत होते की तू मरतेस ते मॉनिटरमुळे. मला तसं वाटत नव्हतं, पण दिवाळीचा बोनस मिळणार होता आणि त्यातले बारा हजार माझे, असं मी घरात आधीच जाहीर करून टाकलं होतं.

आजीचा प्रश्न रास्त होता. "टीव्ही हाये ना घरात, आखो एक कायले?"

आधी स्टेशनजवळच्या एका दुकानात चौकशी केली. काउंटरवरच्या दादांनी सांगितलं, "ताई, माणसाच्या डोळ्याला सेकंदाला २४ चित्रांच्या वर दिसतच नाही. साठचाच घ्या, पैसे वाचवा." घरी येऊन हे पप्पांना सांगितलं. पप्पा भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून रिटायर झालेत. गेम त्यांना कळत नाही, पण हर्ट्झ कळतो. ते हसायलाच लागले. म्हणाले, चोकवाली ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ट्यूबकडे बघून ते कळत नाही. पण तिच्या उजेडात लेथ फिरत असलं आणि वेग बरोबर जुळला, तर फिरणारं चक थांबल्यासारखं किंवा उलटं फिरल्यासारखं दिसतं. म्हणून मशीनवर एकटी ट्यूब ठेवायची नाही, सोबत साधा पिवळा बल्ब लावायचा. कोणी थांबलंय समजून हात घातला तर बोटं जातात. "डोळ्याला दिसत नाही म्हणणाऱ्याला एकदा शेडमध्ये पाठव."

२४ हा आकडा सिनेमाचा. बोलपट आले तेव्हा तो ठरला, आणि थिएटरातसुद्धा एकेक चित्र पडद्यावर दोन-तीनदा चमकवावं लागे, नाहीतर पडदा लुकलुकलेला डोळ्याला बोचायचा. बघत बसणं वेगळं आणि स्वतः माउस फिरवून त्याच क्षणी चित्र हलायची वाट बघणं वेगळं. दुसऱ्यात डोळ्यापेक्षा हाताला आधी कळतं.

मग मी ऑफिसात करते तेच केलं, हिशोब मांडला. साठ हर्ट्झला दर चित्र १६.६७ मिलिसेकंदांनी बदलतं. १०० ला १०, १४४ ला ६.९४, १६५ ला ६.०६, २४० ला ४.१७. आता यात भाव घाला. मी बघत होते त्या आठवड्यात १०० हर्ट्झचा बरा मॉनिटर ६,८०० ला होता, १६५ चा ९,६०० ला, आणि २४० चा त्यातल्या त्यात स्वस्त १६,५०० ला. साठवरून १०० ला गेलं की ६.६७ मिलिसेकंद वाचतात. शंभरवरून १६५ ला आणखी ३.९४, जादा पैसे २,८००. म्हणजे एका मिलिसेकंदाला साधारण ७१० रुपये. १६५ वरून २४० ला फक्त १.८९, आणि जादा पैसे ६,९००. मिलिसेकंदाला ३,६५० रुपये! हे गणित बघून आमच्या सरांनीसुद्धा २४० मंजूर केला नसता. आकडा जसा वर जातो तसा प्रत्येक पुढचा हर्ट्झ महाग होतो आणि हातात कमी देतो. खोक्यावर मात्र २४० हा १६५ पेक्षा जवळपास दीडपट मोठा दिसतो, खोका त्यावरच विकला जातो.

(जीएसटीबद्दल कोणी विचारेलच. ३२ इंचापर्यंतच्या मॉनिटरला १८ टक्के आधीपासूनच होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या वरचेही २८ वरून १८ वर आले. २४ इंचीवर "जीएसटी कमी झाला म्हणून स्वस्त" असं कोणी सांगितलं तर त्याला बिल दाखवायला सांगा.)

पण मॉनिटर घ्यायच्या आधी एक गोष्ट बघायची असते, आणि ती बरेच जण बघत नाहीत: आपला पीसी तेवढी चित्रं बनवतो का? मॉनिटर नुसता दाखवतो. चित्र बनवायचं काम पीसीचं. माझ्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर, त्याच्या पोटात जे ग्राफिक्स आहे तेच. जुन्या मॉनिटरवर एफपीएस (पीसी सेकंदाला बनवतो ती चित्रं) सव्वाशेच्या वर दिसायचे म्हणून मी खूश होते. पण १३६६ बाय ७६८ म्हणजे साडेदहा लाख पिक्सेल, आणि १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाख सत्तर हजारांच्या वर. नवा मॉनिटर आला की त्याच बिचाऱ्या चिपला जवळपास दुप्पट रंगकाम.

मग एका रविवारी पीसी उचलून हॉलमध्ये नेला आणि आजीच्या टीव्हीला लावला. टीव्ही १०८० चा आहे. तो साठ हर्ट्झचा असला तरी व्ही-सिंक (पीसीला मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद ठेवलं की पीसी किती एफपीएस काढतो ते आकड्यात दिसतंच. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये व्हिडिओच्या खाली स्टॅट्स आहेत, तिथे क्लायंट एफपीएस चालू करायचा. आजी शेजारी बसून "सिरियल कधी लावशीन?" विचारत होती. सरावाच्या रेंजमध्ये शंभरच्या वर. खऱ्या मॅचमध्ये, दहा जणं, स्मोक, आगी, भिंती सगळं एकदम सुटलं की ऐंशीच्या खाली. रेंजमधल्या आकड्यावर कधीही मॉनिटर घेऊ नका, तो आकडा लग्नाच्या बायोडाटातल्या फोटोसारखा असतो.

बाजूचं झाकण काढून पाहिलं तर आठ जीबीची एकच रॅम. चिपमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. एक काडी म्हणजे एकपदरी रस्ता, दोन म्हणजे दुपदरी. तसलीच दुसरी आठ जीबीची काडी आणली आणि मदरबोर्डच्या पुस्तकात दाखवलेल्या खाचेत बसवली. (चार खाचा असतील तर शेजारी-शेजारी बसवायच्या नाहीत, एक सोडून एक, पुस्तकात चित्र असतं.) परत आजीचा टीव्ही. आता मॅचमध्ये १४० च्या आसपास, आणि अगदी गर्दीत १०५-११०. मॉनिटर यायच्या आधीच गेम बदलला होता. नंतर रॅमचे भाव जे चढले ते बघता ही खरेदी वेळेवर झाली.

म्हणजे आता माझ्या गरजेचं चित्र स्पष्ट होतं. २४० घेऊन उपयोग नाही, माझा पीसी तिथे पोचतच नाही. १०० घेतला तर पीसी बनवतोय ती चित्रं वाया. आणि १६५ घेतला तर एफपीएस सतत १०५ ते १५० मध्ये खालीवर होणार, म्हणून फ्रीसिंक पाहिजेच. ते नसलं की मॉनिटर त्याच्या ठेक्यावर चित्र बदलतो आणि पीसी त्याच्या, मग अर्धं चित्र जुनं अर्धं नवं असं फाटल्यासारखं दिसतं. फ्रीसिंक असलं की मॉनिटर पीसीसाठी थांबतो. माझ्या मॉनिटरचा पल्ला ४८ ते १६५ असा आहे, त्यात मी आरामात बसते. एनव्हिडियाचं कार्ड असलं तरी अडत नाही. जानेवारी २०१९ पासून त्यांची बऱ्यापैकी नवी कार्डंही असल्या मॉनिटरवर हे करतात, बहुतेक वेळा डिस्प्ले पोर्टच्या वायरीवरून.

आता धुळ्याची गोष्ट. मावसभावाने माझ्या आधीच घेतला होता, १६५ हर्ट्झ, वक्र स्क्रीन, माझ्यापेक्षा स्वस्तात. दसऱ्याला मावशीकडे गेले तेव्हा कळण्याच्या भाकरीवर शेंगदाण्याचं तेल घेऊन बसायच्या आधी त्याने मला खोलीत ओढत नेलं. "ताई, बघ ना भो, काय भारी!" (आमच्याकडे ताईलाही भो म्हणतात, इलाज नाही.) खरंच भारी होता. काळा रंग इतका काळा की माझ्या ऑफिसातले मॉनिटर त्याच्यापुढे राखाडी वाटावेत. व्हीए पॅनल, म्हणजे पडद्याची एक जात. त्याचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) ३००० ला एक वगैरे असतो, आयपीएस या दुसऱ्या जातीचा साधारण १००० ला एक. पिक्चर बघायला मी तोच घेतला असता.

मग मी गेम लावायला सांगितलं, आणि मुद्दाम अंधाऱ्या कोपऱ्यात उभं राहून माउस झटक्यात फिरवला. काळ्या भिंतीच्या कडेला शाई सांडून पुसल्यासारखा डाग ओढला गेला. परत फिरवला, परत डाग. स्वस्त व्हीएचे पिक्सेल काळ्यातून राखाडीत यायला वेळ घेतात. हर्ट्झ कितीही असू दे, पुढचं चित्र आलं तरी मागचं अजून निघून गेलेलं नसतं. उजेडातल्या मॅपवर कळत नाही. पण सावलीत उभा असलेला ओमेन (गेममधलं एक पात्र) त्या डागात विरघळतो, आणि आपल्याला मारतो तो नेमका तोच. भाऊ म्हणाला, "मला तर दिसतच नव्हतं." मी दाखवल्यापासून त्याला दिसतो. त्याबद्दल त्याने मला अजून माफ केलेलं नाही.

टीएन पॅनल झटपट असतं, कितीतरी वर्षं स्पर्धेतले खेळाडू त्यावरच खेळत आले, पण जरा तिरकं बसलं की रंग उडतात, आणि नव्या स्वस्त मालात ते आता फारसं दिसतही नाही. माझ्यापुरता आयपीएस ठरला.

खोक्यावरचे बाकीचे स्टिकर पटकन उरकते. "१ एमएस" च्या पुढे बारीक अक्षरात काय आहे ते वाचा. जीटीजी म्हणजे पिक्सेल एका राखाडीतून दुसऱ्या राखाडीत जायला लागणारा वेळ, तोही कंपनीच्या सोयीच्या सेटिंगवर मोजलेला. एमपीआरटी म्हणजे मागचा दिवा लुकलुकवून मिळवलेला आकडा. तो चालू केला की पडदा मंद होतो आणि स्वस्त मॉनिटरवर बहुधा फ्रीसिंक बंद पडतं. पप्पांची ट्यूबलाइटच, फक्त मुद्दाम. "एचडीआर" चा स्टिकर २५० निट्स उजेडाच्या मॉनिटरवर असेल तर तो फक्त सिग्नल घेतो, दाखवायला उजेड नाही. व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एचडीआर प्रमाणपत्राची सगळ्यात खालची पायरीच ४०० आहे. आमच्याकडे तर उन्हाळ्यात दुपारभर खिडक्या बंदच असतात, मला २५० सुद्धा पुष्कळ होतात. स्पीकर आहेत असं लिहिलं असेल तर असू द्या.

साईज. २७ इंचीचा मोह मलाही झाला. पण १०८० चेच पिक्सेल २७ इंचावर पसरले की इंचाला ८२ पडतात, २४ वर ९२. माझं टेबल म्हणजे पप्पांनी शेडच्या लिलावातून आणलेलं लोखंडी टेबल, समोरून चार फूट लांब पण आत जेमतेम दीड फूट. २७ इंची त्यावर ठेवला असता तर मॅप बघायला मान फिरवावी लागली असती. २४ इंचीचेही इंग्रजी व्ही आकाराचे पाय इतके पुढे येतात की कीबोर्ड तिरका ठेवायला लागला. उंची कमी-जास्त होत नाही, या भावात होतही नाही; खाली ऑफिसातून रद्दीत निघालेली आयकराची दोन जाड पुस्तकं आहेत. मागे व्हेसाची चार भोकं आहेत ना एवढं मात्र बघून घ्या, नंतर भिंतीवर टांगता येतो.

ऑनलाइन घ्यायचा की दुकानातून? ऑनलाइन आठशे-नऊशे स्वस्त होता. पण मी दोन फोन केले. एका कंपनीची घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी होती, "आपल्या पिनकोडला उपलब्ध नाही" हे वाक्य मात्र तिसऱ्या बाईंनी सांगितलं. खोका घेऊन नाशिकला जा. दुसऱ्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर जळगावातच होतं, माझ्या रोजच्या वाटेवर. आणि एखाद-दुसरा पिक्सेल मेलेला निघाला तर बऱ्याच कंपन्या बदलून देत नाहीत. मग गोलाणी मार्केटमधल्या एका दुकानात जाऊन सरळ सांगितलं, की आठशे जास्त देते, पण इथे उघडून, लावून, बघून नेईन. त्यांनी लावू दिला. मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन त्यांच्या पीसीवर टेस्ट यूएफओ उघडलं, ती मॉनिटर तपासायची उडत्या तबकड्यांची वेबसाइट. मग पूर्ण पांढरा पडदा, पूर्ण काळा, लाल, हिरवा, निळा, एकेक करून. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात काळ्यावर थोडा उजेड झिरपत होता. आयपीएसला तो थोडाफार असतोच. मेलेला पिक्सेल एकही नाही. दुकानातल्या मुलाने विचारलं, "मॅडम, तुम्ही रिव्ह्यू करता का?" म्हटलं, "नाही, ऑडिट."

१०,४०० रुपये, पक्कं बिल. मग ती गाडी, त्या मावशी.

घरी लावला आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन बघितलं, तर साठवर. हे सगळ्यांचंच होतं. विंडोज बऱ्याचदा आपणहून वर जात नाही, निवडावं लागतं. यादी उघडली, तर १२० च्या वर आकडाच नाही. १६५ कुठे गेला? खोक्यात एचडीएमआयची वायर होती, तीच लावली होती. मदरबोर्डचं पुस्तक काढलं. त्याचा एचडीएमआय १.४, आणि त्यावरून १०८० ला १२० च्या पलीकडे भरवसा नाही. पण पीसीच्या मागे त्याच्या शेजारीच काळं प्लास्टिकचं टोपण लावलेलं एक तोंड होतं. तीन वर्षं मी ते बुजवलेलं भोक समजत होते. तो डिस्प्ले पोर्ट.

भुसावळात दोन ठिकाणी विचारलं. "एचडीएमआय घ्या ना, एकच आहे." एकच नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर परत गोलाणी, २५० रुपयांची डिस्प्ले पोर्टची वायर. मॉनिटर घ्यायच्या आधी स्वतःच्या पीसीचं मागचं तोंड आणि मॉनिटरचं मागचं तोंड दोन्ही बघून घ्या. कितीतरी मॉनिटरना एचडीएमआयवर १४४ आणि पूर्ण १६५ फक्त डिस्प्ले पोर्टवर असतं, हे बारीक अक्षरात लिहिलेलं सापडतं.

वायर लागली, यादीत १६५ आला. मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्हच्या (पिक्सेलला लवकर बदलायला लावणाऱ्या सेटिंगच्या) तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात वरची लावली तर हलणाऱ्या गोष्टींच्या मागे उजळ भूत दिसायला लागलं. पिक्सेलला इतकं ढकललं की तो ठिकाण सोडून पुढे गेला. मधली ठेवली.

पहिल्या रात्री मी टीमला सांगितलं की लोणी आहे लोणी. पप्पा मागे उभे होते. म्हणाले, "तुले खरंच कळतं, की पैसे दिले म्हणून कळतं?" आणि त्यांनी परीक्षा घेतली. मी पाठ करून उभी राहायची, पप्पा यादीतून एक आकडा निवडणार, मी येऊन रेंजमध्ये थोडा वेळ खेळायचं आणि आकडा सांगायचा. पप्पांनी रेल्वेच्या जुन्या डायरीत तक्ता आखला. साठ मी एकदाही चुकले नाही, साठ तर आईनेही दारातून ओळखला, "हे अडखळतंय ना?" १०० आणि १६५ मध्ये बहुतेक वेळा बरोबर. १४४ आणि १६५ मध्ये मी काहीही सांगत होते. पप्पांनी सलग तीनदा १४४ च लावला आणि मी दोनदा छाती ठोकून १६५ म्हटलं. डायरीत त्यापुढे लाल पेनाने "अंदाज" लिहिलेलं आहे. हिशोबही तेच सांगतो, दोन्हीत फरक ०.८८ मिलिसेकंदाचा, आणि माझा पीसी तिथे चित्रंही तेवढी बनवत नाही. तेव्हा १४४, १६५, १८० यांत भावावर ठरवा, आकड्यावर नको.

खेळात काय बदललं? अ‍ॅसेंट मॅपच्या मध्यभागी आडवा पळणारा माणूस आता मला धुरकट पट्ट्यासारखा नाही, माणसासारखा दिसतो. सलग गोळ्या मारताना क्रॉसहेअर (नेमाची खूण) कुठे चाललाय ते कळतं. दिवाळीत मी गेमच्या क्रमवारीत सिल्व्हर दोनवर होते, आत्ता सिल्व्हर तीनवर आहे. टीममध्ये याची चेष्टा चालू आहे. सगळ्यात मोठा फायदा विचाराल तर मार्चएंडला घरून काम होतं तेव्हा एक्सेलच्या चार हजार ओळी वरखाली करताना झाला.

मार्चमध्येच मग दुसरं लफडं सुरू झालं. भुसावळचा उन्हाळा माहीत असलेल्यांना सांगायला नको. गच्चीखालच्या खोलीत मार्चपासून कूलर लागतो, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तर तो बंदच होत नाही. कूलर चालू झाला रे झाला की माझा स्क्रीन काळा. एक-दोन सेकंद. मग परत येतो. पंप बंद केला, परत काळा. मॅचमध्ये दोन सेकंद म्हणजे मेलंच. मला वाटलं मॉनिटर गेला, आता सर्व्हिस सेंटर. पप्पा म्हणाले, थांब.

त्यांनी टेस्ट लॅम्प काढला. होल्डरमध्ये बल्ब, दोन वायरी, बस. माझ्या सॉकेटच्या फेज आणि न्यूट्रलला लावला, लखकन पेटला. फेज आणि अर्थिंगला लावला, काहीच नाही. त्या खोलीच्या बोर्डाला अर्थिंगची वायर कधी जोडलेलीच नव्हती. अनवाणी असताना पीसीच्या डब्याला हात लागला की मुंग्या यायच्या, ते मी थंडीतली स्टॅटिक समजत होते. पप्पांनी सांगितलं, पॉवर सप्लायमधले फिल्टरचे कपॅसिटर गळणारी थोडी वीज डब्याकडे सोडतात, ती अर्थिंगमधून जायला हवी. अर्थिंग नसलं की डबा अधांतरी, आणि ती माझ्यातून जायला बघते. त्यात कूलर आणि पीसी एकाच एक्स्टेंशनवर. मोटर चालू-बंद होताना जो झटका वायरीत सुटतो, तो त्या अडीचशेच्या वायरीला झेपत नव्हता. दोष मॉनिटरचा नव्हताच.

रविवारभर पप्पांनी वायर ओढली. अंगणातला अर्थिंगचा खड्डा उघडला, घर बांधलं तेव्हा मीठ-कोळसा घालून केलेला. माती इतकी सुकली होती की भेगा. त्यात मीठ-कोळसा भरून दोन बादल्या पाणी ओतलं. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग दुबळं पडतं, म्हणून आता आजी तुळशीला घालते तेव्हा खड्ड्यालाही एक तांब्या घालते. (पप्पांचा हात या कामात बसलेला आहे. तुम्ही वायरमन बोलवा.) परत टेस्ट लॅम्प: अर्थिंगवरही लखकन. डब्याच्या मुंग्या गेल्या. कूलरला वेगळा बोर्ड. स्क्रीन तरी कधीमधी डोळा मारायचा. मग मी जाड, चांगल्या शील्डिंगची वायर घेतली, ६५० रुपये, तेव्हा पूर्ण थांबलं. कूलरचा वारा थेट पीसीवर येऊ देत नाही, आमचं पाणी क्षाराचं आहे, जाळीवर पांढरं बसतं ते आत बसायला नको.

एकूण खर्च मांडला तर मॉनिटर १०,४००, वायरी ९००, जुना मॉनिटर ओळखीत १,२०० ला गेला. रॅम मी वेगळ्या खात्यात टाकली आहे, सीएंकडे काम केल्याचा एवढा तरी फायदा. अर्थिंगची वायर पप्पांनी आपल्या पेन्शनमधून आणली आणि बिल मागितलं तर दिलं नाही.

त्यांनी दोन्ही बोर्डांवर पिवळ्या रंगाने, रेल्वेच्या डब्यावर लिहितात तसल्या ठसठशीत अक्षरांत, "कूलर" आणि "पी. सी." असं रंगवून ठेवलंय. काल रात्री मी ऐन मॅचमध्ये असताना आईने शिलाई मशीनची मोटर आणून नेमकी "पी. सी." च्या बोर्डात लावली. "रिकामं होतं एक," म्हणाली, आणि पायाने पॅडल दाबलं. मी श्वास रोखून बघत होते. स्क्रीन काळा झाला नाही. मी तरीही मेले, तो ओमेन मागून आला होता.